देवमाशाचा जबडा आणि ठकीची पदवी

ठकीच्या पदवीचा प्रश्न आपण एका दुपारीत निकालात काढू, असं विमा कंपनीतल्या हेडक्लार्कसाहेबांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. पोरीनं हिशेबशास्त्र घ्यायचं, पंख्याखाली बसून नोकरी करायची, विषय संपला. ठकी मात्र कितीतरी दिवस गप्प होती. ठकी गप्प, म्हणजे तिच्या मनात काहीतरी शिजतंय, हे साहेब ओळखून होते. म्हणून विद्यापीठाच्या माहिती मेळाव्याला निघताना ते भांडणाच्या पूर्ण तयारीनं निघाले.

फाटकातच गर्दीत बापलेकीची चुकामूक झाली. शिपायानं वाणिज्य विभाग डावीकडे सांगितला. साहेब तावातावानं उजवीकडे वळले, एक जड दार ढकललं आणि जागच्या जागी थिजले.

समोर साखळ्यांनी छताला टांगलेला देवमाशाचा अख्खा सांगाडा होता. बरगड्या अशा, की त्यांच्यात साहेबांचं ऑफिस फायलींसकट मावावं. साहेबांची मान वर गेली ती खाली येईना.

शिडीवरच्या प्राध्यापिकाबाईंना वाटलं, मदतीला मागवलेला माणूस आला. जबड्याचा एक बोल्ट निसटला होता.

"धरा हा जबडा."

"अहो, मी विम्याचा..."

"विम्याचं नंतर. आधी धरा."

साहेबांनी धरला. बाई बोल्ट शोधायला गेल्या त्या गेल्याच. जाण्यापूर्वी त्यांनी एवढंच दाखवलं, की त्या अवाढव्य वल्ह्यासारख्या पंखाच्या आत चक्क बोटं होती, तुमच्याआमच्यासारखी, पेरांसकट. साहेबांनी जबड्यावरची स्वतःची बोटं निरखून पाहिली. आपण इतकी वर्षं नुसते हप्तेच मोजत बसलो, असं त्यांना वाटून गेलं.

तेवढ्यात एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. जबडा धरून उभा म्हणजे हाच प्राध्यापक, असं समजून त्यांनी विचारलं, "याला पुढे स्कोप काय?"

हाच प्रश्न साहेबांनी आजवर नात्यातल्या प्रत्येक पोराला विचारून हैराण केलं होतं. पण आज ते गृहस्थांवर असे काही खवळले, की हातातला जबडा खडखडला.

"असलं समोर असताना स्कोप कसला विचारता? आधी वर बघा!"

गृहस्थांनी वर बघितलं, आणि त्यांचीही मान खाली येईना.

बाई बोल्ट घेऊन परतल्या, तेव्हा ठकीही बापाला शोधत दारात उभी होती. साहेब मोकळे होताच घाईघाईनं म्हणाले, "ठके, तू हेच घे. हिशेबाचं राहू दे."

ठकी वर न बघताच म्हणाली, "बाबा, मी हिशेबशास्त्र नक्की करून आले. मला पहिल्यापासून तेच हवं होतं. तुम्ही म्हणालात म्हणून घेतलं असं व्हायला नको, म्हणून गप्प होते."

घरी पोहोचल्यावर बायकोनं कौतुकानं विचारलं, "झालं ना अगदी तुमच्या मनासारखं?"

"झालं," साहेब म्हणाले, आणि न जेवताच झोपायला गेले.