बसक्काची दोन भाषणं

आमच्या गल्लीत बसक्काला कुणी ‘आई’ म्हटलं, की ती हातात असेल ते फेकून मारायची. बहुतेक वेळा मिसरीची डबी असायची, एखादे वेळी पाण्याचा तांब्या. यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. विशेष हे, की अख्खा महाराष्ट्र तिला आई म्हणत होता.

पडद्यावरच्या कौसल्यादेवी म्हणजेच ही बसक्का. पांढऱ्या लुगड्यातली, तुळशीपुढं दिवा लावून मुंबईला गेलेल्या मुलाची वाट बघत खोकणारी. तिच्या ‘बाळा...’ या एका हाकेवर थिएटरातल्या बायका पदराला नाक पुसायच्या. मूळची ती दुधनीची. जन्मनाव बसव्वा, घरात बोलणं कानडी. कोल्हापूरला स्टुडिओत गेल्यावर कुण्या निर्मात्यानं नाव बदललं. आईचीच कामं करायची, तर रामाच्या आईचं नाव हवं, असं त्याचं म्हणणं पडलं. बसक्का सांगायची, “बरं झालं, कैकयीचं काम न्हाई मिळालं. तसलंच नाव चिकटलं असतं की.”

कामं मिळेनाशी झाल्यावर ती सोलापुरात येऊन राहिली. बाळीवेशीजवळच्या आमच्या गल्लीत तिची आणि आमची एकच भिंत. मी लग्न होऊन नवीनच आले होते. माहेरी तंबूतल्या सिनेमात तिला मरताना पाहून मी रात्रभर मुसमुसले होते. आता तीच बाई शेजारी, म्हणून भारावून गेले आणि पहिल्याच दिवशी वाकून म्हणाले, “आई, आशीर्वाद द्या.”

तांब्या माझ्या कानाजवळून गेला. मग ती शांतपणे म्हणाली, “मी कुणाची आय न्हाई. लगीन टिकलं न्हाई, लेकरू झालं न्हाई. मला बसक्का म्हण. च्या घेतीस का?”

चहा फार चांगला करायची. बाकी पडद्यावरच्या आईचं तिच्यात काही म्हणजे काही नव्हतं. पडद्यावर ती खीर भरवायची. घरात उखळात शेंगाचटणी कांडताना शेजारणींच्या सासवांची नक्कल करायची. दुपारी कट्ट्यावर पत्त्यांचा डाव मांडायची आणि राजरोस लबाडी करायची. पकडली गेली, की “साकु, साकु,” म्हणत पत्ते गोळा करून डावच मोडून टाकायची. साकु म्हणजे पुरे. हा शब्द तिला फार सोयीचा होता. पाहुणे उठत नसले, भटजी लांबण लावू लागला, रेडिओवर कुणी रडकं गाऊ लागलं, की साकु.

स्वतःचे सिनेमे ती कधीही बघत नसे. मी एकदा आग्रह केला, तर म्हणाली, “मेलेलं किती येळा बगू स्वतःला? टीबीनं मेले, जिन्यावरून पडून मेले, एकदा तर नुसती तार वाचून मेले. आता खरं मरायची येळ आली, की लोक म्हणतील, हे आदी बगितलंय.”

बाजाराच्या दिवशी गावाकडची माणसं तिच्या दर्शनाला यायची. होटगीचं एक म्हातारं जोडपं दरवर्षी खण-नारळ घेऊन यायचं आणि पायावर डोकं ठेवायचं. तेवढ्यापुरती ती गप्प बसायची. जोडपं गेलं, की कुरकुरायची, “गुडगं माजं दुकतंय, आणि वाकतंय ते म्हातारं.” पण म्हातारीला भाकरीबरोबर चटणीची पुडी बांधून दिलेली मी दर वेळी पाहिली आहे.

तिला हाक मारण्याच्या बाबतीत एकच माणूस सुटला होता. कोपऱ्यावरच्या खोलीत राहणारा नरसिंग. तो यंत्रमागावर चादरी विणायचा. बायको लक्ष्मी घरी बिड्या वळायची आणि दोन वर्षांची तुळसा दोघांच्या मधे लुडबुडत असायची. माणसं तेलुगू. नरसिंग बसक्काला ‘अम्मा’ म्हणायचा आणि ती ओ द्यायची. मी विचारलं, हे कसं चालतं? तर म्हणाली, “अम्मा कुणालाबी म्हणत्यात. देवीला म्हणत्यात, भाजीवालीला म्हणत्यात.” नरसिंगचे आईबाप लहानपणीच गेले होते. बसक्काचा कंदील दुरुस्त करणं, दळण आणणं, पत्र्यावर चढणं ही कामं तो न सांगता करायचा. आणि तुळसा तिच्या मांडीवर बसून खुशाल तिचे पत्ते चघळायची. त्या पोरीपुढं साकु हा शब्द तिला कधी आठवला नाही.

आणीबाणी लागून वर्ष होत आलं असेल. एके सकाळी गल्लीत जीप आली. इथले एक पुढारी आणि दोन अधिकारी उतरले. नसबंदीची मोहीम चालू होती. शिबिरं भरत होती, पण माणसं पळून जात होती. पुढारी हात जोडून म्हणाले, तुम्ही चार शब्द बोला, आईचं ऐकतील लोक.

ती त्यांनाही तांब्या मारेल, म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले. पण तिनं त्यांना बसायला सतरंजी टाकली. किती तरी वर्षांनी तिला न्यायला गाडी आली होती. त्यांनी कौसल्यादेवी हे नाव छापलेला कागद दाखवला. तो तिनं लांब धरून, मग जवळ धरून पाहिला. मला नंतर म्हणाली, “खोटं न्हाई सांगत, बरं वाटलं. पर त्येवढ्यासाठी न्हाई चालले. माजी आय नवव्या बाळंतपणात गेली. मी उशाला व्हते. कुणीतरी ह्ये बोलायला पायजे की.”

मैदानावरच्या त्या सभेला आम्ही गल्लीतल्या सगळ्या बायका गेलो होतो. बसक्का उठली आणि तिच्या नेहमीच्या बोलीत बोलू लागली. दुधनीचं घर, कंदील, आईचा थंड पडत गेलेला हात, असं सांगत होती. पण लोक चुळबुळ करायला लागले. माझ्या मागचा एकजण म्हणाला, ही कसली कौसल्यादेवी, ही तर कुणीतरी खेडवळ बाई आणून उभी केली. पुढाऱ्यांनी पुढं होऊन तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

मग बसक्कानं पदर डोक्यावरून घेतला आणि तो आवाज काढला.

“बाळांनो...”

मैदान चिडीचूप झालं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुढं ती काय बोलली ते कुणी ऐकलंसुद्धा नसेल. हारानं तिची मान झाकून गेली. नंतर तो आवाज टेपवर घेऊन जीप पेठापेठांतून फिरली, कुंभारी गावापर्यंत गेली. कुठंकुठं माणसांना जबरदस्तीनं गाडीत घातलं जातंय, अशी कुजबुज हळूहळू आमच्या कानावर आली. तेव्हा असल्या गोष्टी मोठ्यानं बोलत नसत. बसक्कानं पुन्हा माईकपुढं जायला नकार दिला. पण टेप फिरतच होती.

नरसिंगला कुणी ओढून नेलं नाही. तो आपण होऊन शिबिरात गेला. परत आला तेव्हा बसक्का त्याच्यावर ओरडली, तुला एकच पोर, तुला कुणी जायला सांगितलं होतं? तो हसून म्हणाला, “अम्मा, तुम्ही बोलले ना, म्हणून गेलो. आपल्या घरचे बोलले, आपणच नाही ऐकलं तर कसं?”

त्याच पावसाळ्यात तुळसाला गोवर झाला. ताप डोक्यात गेला. दवाखान्यात नेलं, पण पोर हाती लागली नाही.

नरसिंग बसक्काला एक शब्दही बोलला नाही. भांडला असता तर तिला सोसलं असतं. तो फक्त तिच्या दारावरून खाली मान घालून जायला लागला. दळण ठेवून जायचा, पण हाक मारायचा नाही. लक्ष्मी तर दाराबाहेर दिसेनाशीच झाली. कट्ट्यावरचा डाव बंद पडला. पत्ते कुठं गेले, ते मी विचारलं नाही.

मग निवडणुका जाहीर झाल्या आणि इतके दिवस दबून राहिलेली माणसं बोलायला लागली. साहेब लोकांपर्यंत हात पोचत नव्हता. बसक्का हाताशी होती. शहरात तिचा एक जुना सिनेमा लागला होता. माझे यजमान तो बघून आले. खोदून विचारल्यावर म्हणाले, ती पडद्यावर आली आणि बाळा म्हणाली, तर लोकांनी चपला फेकल्या. कात्री आणली का म्हणून ओरडत होते. मंडईत लोक पूर्वीसारखेच तिला वाट देऊन बाजूला सरकायचे, पण आता पाठ फिरवून. होटगीचं जोडपं त्या वर्षी आलं नाही. बसक्का म्हणाली, “बरं झालं. म्हाताऱ्याच्या कमरंला आराम.” बोलून ती हसली, पण तिला माझ्याकडे बघवलं नाही.

प्रचाराला तेच पुढारी पुन्हा आले. या वेळी ते उमेदवार होते. त्यांनाही हवा कळली होती. तरी म्हणाले, तुम्ही आलात तर बायका पाघळतील. बसक्का येते म्हणाली. गल्ली चिडली. मीही दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तरी सभेला गेले. नरसिंग मैदानाच्या कडेला सायकल धरून उभा होता. लक्ष्मी आली नव्हती.

ती उभी राहिली तशी शिट्ट्या सुरू झाल्या. तिनं पदर डोक्यावर घेतला नाही.

“मी बसव्वा. दुधनीची,” ती म्हणाली. “कौसल्यादेवी म्हणून कुणी न्हाई. हितंच मी माज्या आयचं सांगितलं व्हतं, ते खरं व्हतं. ते तुमाला आवडलं न्हाई, म्हणून मी आवाज बदलला. आवाज खोटा व्हता. त्या आवाजावर भरवसा ठेवून एक माणूस शिबिरात गेला आणि त्येचं घर रिकामं झालं. त्येची मी गुन्हेगार हाय. मत कुणालाबी द्या. पर उद्या परत कुणी सिनेमावाली यील, बाळा म्हणंल. तिच्या बोलण्यावर घरातलं काई ठरवू नगा.”

पुढं ती बोलत होती, पण माईक बंद झाला होता. तिचे ओठ हलताना दिसत होते. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते तिनं पुसलं नाही. सिनेमात ती नेहमी पदरानं टिपायची.

मैदान गप्प झालं होतं. मला वाटलं, आता लोकांना कळलं. आणि मग टाळ्या पडल्या. कडाडून टाळ्या. मागून कुणीतरी शिट्टी मारून ‘वन्स मोअर’ म्हणालं. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत आपल्या नणंदेला सांगत होती, “काय काम केलं गं! अजून तशीच रडते.” पलीकडचा एकजण म्हणाला, विरुद्ध पार्टीनं फोडली असणार. मी कडेला पाहिलं, तर नरसिंग सायकल घेऊन निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी विरुद्ध पक्षाची माणसं हार घेऊन आली. तुमच्या तोंडून जनतेची वेदना बोलली, आता आमच्या सभांना चला, म्हणाली. तांब्या त्यांच्यातल्या सगळ्यात पुढच्या माणसाला लागला.

ते पुढारी पडले. गल्लीत गुलाल उधळला, ताशे वाजले. कुणीतरी बसक्काच्या दारावरही गुलाल टाकून गेलं. तिनं तो पाणी ओतून धुतला.

ऑपरेशन उलटं करता येतं, असं तिला कुठूनसं कळलं. तिनं पुण्याच्या दवाखान्यात जुन्या ओळखी काढल्या, नरसिंगच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि दोघांना घेऊन गेली. तिथल्या नर्सनं नरसिंगला विचारलं, या बाई तुमच्या कोण? तो म्हणाला, गल्लीतल्या आहेत. हे मला बसक्कानंच सांगितलं, आणि पुढं म्हणाली, “बरोबर सांगितलं त्येनं.” ऑपरेशन झालं. पण दिवस गेले, महिने गेले, उपयोग काही झाला नाही.

त्यानंतर बसक्का दुपारची घरात सापडेनाशी झाली. मला वाटलं, दुसऱ्या गल्लीत पत्त्यांचा अड्डा जमवला असेल. बरंच वाटलं. एकदा तिच्याकडे पाहुणे आले म्हणून शोधत निघाले, तर पोरांनी नरसिंगच्या खोलीकडे बोट दाखवलं.

दार उघडंच होतं. लक्ष्मी भिंतीला टेकून मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. तिच्यासमोर, दुखरे गुडघे कसेबसे मुडपून, बसक्का बसली होती. तिच्याही मांडीवर सूप. त्यांच्या शेजारणीनं सांगितलं, पुण्याहून आल्यापासून रोज येते. दोघी बोलत नाहीत. लक्ष्मी या म्हणत नाही की जा म्हणत नाही. बसक्काच्या बिड्या इतक्या सैल होतात, की कारखान्यात एकही घेत नाहीत. संध्याकाळी लक्ष्मी त्या सगळ्या सोडून पुन्हा वळते.

मी हाक मारणार होते, पण उंबऱ्यातच थांबले. बसक्कानं पानात तंबाखू घातली, सुरळी केली आणि टोक मुडपायला गेली, तशी ती पुन्हा उलगडली. तंबाखू सुपात सांडली. तिनं दुसरं पान उचललं. लक्ष्मी बघत होती. तिनं आपलं सूप बाजूला ठेवलं, सरकून जवळ आली, आणि बसक्काचा अंगठा आपल्या बोटांत धरून पानाच्या टोकावर दाबला.

“इथं,” ती म्हणाली. “आधी इथं दाबा. मग गुंडाळा.”

बसक्कानं दाबलं. लक्ष्मीनं तिचा हात सोडला नाही. मी पाहुण्यांना जाऊन सांगितलं, की ती घरी नाही, उशिरा येईल.