पथ्य न सांगणारा डॉक्टर

"महिनाभर रोज गव्हाच्या दोन पोळ्या? एवढंच ना? डॉक्टरसायेब, ह्यो सूर्यभान पोळीला भ्यायचा न्हाई!"

नगरच्या डॉक्टरांपुढं सूर्यभाननं छाती ठोकली खरी, पण छाती कसली! नुसत्या बरगड्या! दोन वर्षं त्याच्या पोटानं त्याला टमरेल घेऊन पळवलं होतं.

डॉक्टरांना संशय गव्हाचा. ते म्हणाले, "तुझ्या आतड्याला गहू सोसत नाही, असं दिसतंय. खात्री पुण्याला होईल. तिथं नळीला लावलेली बारीक डबी गिळायची, ती आतड्याचा कण खुडून आणते. पण तोवर गहू सोडायचा नाही! सोडलास तर आतडं सुधारतं अन् तपासणीत काहीच दिसत नाही. मग पुन्हा महिनाभर गहू, पुन्हा डबी!"

पुन्हा डबी म्हटल्यावर सूर्यभाननं कानाला हात लावले. काय वाट्टेल ते होवो, डबी एकदाच गिळायची, असं ठरवून गडी पुणतांब्याला परतला.

ओट्यावर आई, बनुबाई, दाणे पाखडत होती. "काय म्हनला डॉक्टर? पथ्य काय सांगितलं?"

"पथ्य न्हाई. रोज पोळ्या खा म्हनला."

बनुबाईच्या हातातलं सूप खाली पडलं! आता तुम्हीच सांगा, पथ्य न सांगणारा डॉक्टर कुणी पाहिलाय का? तिच्या सासऱ्याच्या वेळी डॉक्टर म्हणाला होता, 'काय खावंसं वाटेल ते खाऊ द्या,' आणि चौथ्या दिवशी म्हातारा गेला. नवऱ्याच्या वेळीही तेच झालं.

"आगं आये, गव्हानंच तरास हुतो, म्हनून गहू खायाचा!" सूर्यभाननं समजावलं, आणि होतं तेही बिघडवलं.

"ज्यानं तरास हुतो त्येच खा म्हनला? म्हंजी आशाच सोडली की रं!" बनुबाईनं गळा काढला. पाच मिनिटांत आळी गोळा!

दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बरं, असल्या वेळी हात हलवत कोण येतंय? कुणी पुरणपोळ्या आणल्या, कुणी लापशी. केडगावची बहीण रतनबाई तर करंज्यांचा डबाच घेऊन उतरली. "दादा, माझ्या हातची येवढी शेवटची..." म्हणायची आणि जीभ चावायची. सांगितल्या होत्या दोन पोळ्या, पोटात पडायचं चौघांचं जेवण! नको म्हटलं की बायका डोळ्याला पदर लावायच्या. टमरेलाला तर बूड टेकायला उसंत नव्हती.

बायको मुक्ताबाई तेवढी शहाणी. तिनं लापशी गुपचूप म्हशीला घातली. पण तीही एक दिवस हळूच म्हणाली, "अवं, खरं सांगा. डॉक्टर आनखी काय बोलला? मला सांगितलं तर चालंल."

"न्हाई गं बाई!" सूर्यभान ओरडला.

पण मग काकासाहेब आला. सख्खा चुलतभाऊ, बांधावरून सात वर्षं अबोला! आला, सूर्यभानचे पाय धरले आणि म्हणाला, "बांध मीच कोरला. माफ कर. पावसाळ्याआधी हुता तिथं घालून देतो."

आता मात्र सूर्यभान हादरला. काकासाहेब माफी मागतोय, म्हणजे आपण खरंच चाललो! डॉक्टरनं लपवलं, दुसरं काय! त्यानं मुक्ताबाईला जवळ बसवून बैल कुठले ठेवायचे, पाण्याची पाळी कधी असते, सगळं सांगून टाकलं. पुण्याच्या गाडीत तो खिडकीशी बसून लहान पोरासारखा रडला. मरायचंच आहे तर डबीला काय भ्यायचं! एका दमात गिळली.

आठ दिवसांनी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "गहूच! आजपासून जन्मभर बंद. ज्वारी, बाजरी, भात खा, ठणठणीत होशील."

स्टेशनापासून सूर्यभान धावतच घरी आला. "आये, पथ्य हाय! गहू बंद! जन्मभर!"

"पथ्य दिलं? जन्मभराचं?" बनुबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. "वाचलं गं बया, माझं लेकरू वाचलं!" रडता रडता हसली आणि तशीच पुरणाची डाळ शिजत घालायला पळाली.

आनंदाच्या भरात साऱ्या आळीला पुरणपोळीचं जेवण! पंगतीत सूर्यभानपुढं तेवढी बाजरीची भाकरी आणि पिठलं. शेजारी काकासाहेब पाचवी पोळी तुपात बुडवत होता.

"सूर्यभाना, पथ्य मोडू नगंस बरं का," तो मायेनं म्हणाला. "अन् त्या बांधाचं मनावर घिऊ नगं. त्ये तू मरनार म्हनून बोललो हुतो. वयनी, आनखी एक पोळी!"