ज्येष्ठा कोणाच्या हातात

महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आठ दिवसांवर आलेल्या असताना देवयानीच्या कमरेत उसण भरली. पलंगाखालची सजावटीची पेटी ओढायला ती वाकली आणि तशीच राहिली. तात्यापारा मोहल्ल्यातलं ते अख्खं घर धावलं. सासूबाई गोदावरीबाई शेकायला बसल्या. नरेंद्रनं लग्न झाल्यापासून स्वतःच्या बायकोला कधी पाण्याचा पेला उचलून दिला नव्हता, पण धाकट्या भावाच्या बायकोसाठी तो थेट गोल बाजारात जाऊन गरम पाण्याची पिशवी घेऊन आला.

नरेंद्रची बायको कुमुद, म्हणजे घरातली मोठी सून, पोळ्या लाटता लाटता हे बघत होती. दुखणं देवयानीच्या कमरेत होतं, पण पोटात दुखायला लागलं कुमुदच्या.

दुसऱ्या दिवशी तेलीबांध्याहून फिजिओथेरपिस्ट आली. स्वरदा तिचं नाव. पोरगी मराठी, तिला कळायचं सगळं, पण उत्तर मात्र हिंदीत. तिनं देवयानीला नीट तपासलं आणि साऱ्या घराला धडा दिला. "कुछ उठाना हो तो कमर से नहीं झुकना, घुटने मोड़ना. चीज़ छाती से सटाकर रखना. और ओटे के पास खड़े रहना हो, तो एक पैर छोटे स्टूल पे."

संध्याकाळी स्टूल हजर. आणणारा अर्थातच नरेंद्र.

"इतकी वर्षं मी या ओट्याशी उभी राहून राहिली," कुमुद म्हणाली, "मले तं कोणी साधा पाट नाही दिला."

"तुले काय धाड भरली?" नरेंद्र म्हणाला. "तू तं ठणठणीत आहे."

हा शब्द कुमुदला असा झोंबला की रात्रभर तिच्या अंगाची लाही होत राहिली. देवयानीच्या उशाशी संत्र्याचा रस, देवयानीसाठी सासूबाईंच्या हातचा सांजा, आणि आपल्या वाट्याला काय, तर ठणठणीतपणा. सकाळी ती कणकेचा डबा काढायला वाकली आणि मुद्दाम वर आलीच नाही.

स्वरदानं तिलाही तपासलं. "काकू, दर्द पैर में जाता है? दीदी का बाएँ पैर में जाता है."

पलीकडच्या पलंगावर देवयानी रस पीत होती. तिच्याइतकंच दुखलं तर मोठेपण कसलं, असं कुमुदला वाटलं. "मले दोन्ही पायात जाते," ती म्हणाली.

स्वरदाचा चेहरा गंभीर झाला. "दोनों में? सुन्न भी होता है?"

"हव. ते बी होते."

"फिर तो ये सीरियस है. आज ही डॉक्टर को दिखाओ, एमआरआय लगेगा."

"सण झाल्याबिगर मी दवाखान्याची पायरी चढत नाही," कुमुद घाईनं म्हणाली. आपली पाठ फोटोत कशी दिसेल, ते तिला चांगलंच ठाऊक होतं.

"तो तब तक एक लोटा भी नहीं उठाना. झुकना नहीं, ज़मीन पे बैठना नहीं. और थोड़ा भी बढ़ा तो सीधे अस्पताल."

सीरियस. कुमुदनं देवयानीकडे असं पाहिलं, जणू आपल्यालाच बक्षीस मिळालं आहे. मग सुखाचे दिवस आले. नरेंद्र चहा हातात आणून देऊ लागला. सांजा पलंग बदलून इकडे आला, रसही आला. कमरेला रुंद पट्टा बांधून कुमुद उशांना टेकून बसायची आणि मधूनमधून कण्हायची.

देवयानी मात्र सांगितलेलं सगळं करत होती, त्यामुळे भराभर सुधारत होती. सणाच्या आदल्या दिवशी कुमुदला खिडकीतून दिसलं, की ती डाळीचा डबा छातीशी धरून अंगणात हळूहळू फेऱ्या घालते आहे.

"हे काय करून राहिली तू?"

"प्रॅक्टिस, ताई. स्वरदानं थोडं वजन उचलाले परवानगी देली. आई म्हणे, यंदा ज्येष्ठा मीच आणायची."

कुमुदच्या तोंडचं पाणी पळालं. या घरात तुळशीपासून देवघरापर्यंत ज्येष्ठेचा पितळी मुखवटा मोठ्या सुनेनं आणायचा, ही रीत होती. मागे थाळी वाजते, दारात मोहल्ल्यातल्या झाडून साऱ्या मराठी बायका उभ्या असतात. त्या एका मिरवणुकीवर कुमुद वर्षभर तोऱ्यात राहायची. मत्सराच्या भरात नेमकं तेवढंच तिच्या डोक्यातून गेलं होतं.

ती लगबगीनं सासूबाईंकडे गेली. "आई, मले आता एकदम बरं आहे."

"स्वरदा म्हणेच," गोदावरीबाई म्हणाल्या, "सण आला का बाया बरं आहे म्हणतात, मुखवटे उचलतात अन् मंग ऑपरेशन होते. कनिष्ठा मी आणतो. तू खुर्चीवर बस."

दुसऱ्या दिवशी कुमुद नव्या साडीवर पट्टा बांधून खुर्चीवर बसली. देवयानी तुळशीपाशी गेली, गुडघे वाकवून खाली बसली, ज्येष्ठा छातीशी घेऊन ताठ उठली. दारातल्या बायका कौतुकानं बघतच राहिल्या. त्यांच्यात हळदीकुंकवाला बोलावलेली स्वरदाही होती. थाळी वाजू लागली आणि कुमुदचा धीर सुटला. तिनं पट्टा ओढून काढला.

"थांबा. मले काहीच झालं नाही. मी खोटं बोलली. देवयानीचे लाड पाहून मले जळफळाट झाला, म्हणून सोंग केलं."

थाळी थांबली. मग गोदावरीबाईंचे डोळे भरून आले.

"पाहा बायांनो. लक्ष्मीसाठी पोरगी सोताले खोटारडी म्हणून राहिली, पण दुखणं सांगत नाही."

"मैंने बोला था ना," स्वरदा म्हणाली. "काकू, पहले बेल्ट बाँधिए."

नरेंद्रनं कुमुदला खांद्याला धरून हलकेच खाली बसवलं, इतक्या मायेनं की तसं त्यानं लग्नातही धरलं नव्हतं. सासूबाईंनी डोक्यावरून हात फिरवला. "तू जिवाले लावून घेऊ नको. पुढच्या वर्षीपासून ज्येष्ठा देवयानीच आणन. तुह्यावर हे ओझं आता कधीच टाकत नाही."

थाळी पुन्हा वाजू लागली. ज्येष्ठा कुमुदच्या समोरून देवघरात गेली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नरेंद्र वाकून विचारू लागला, "खूप दुखून राहिलं का गं?"

आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच कुमुदनं खरं उत्तर दिलं.

"हव. खूप."