मापांसाठी स्थळ

मथुराबाईंनी तिसरं स्थळही घरी बोलावलं तेव्हा प्रतापसिंहाने हात टेकले.

"आईसाहेब, मुलगी नाही द्यायची. कंपनी निवडायचीय."

"अठराशे पोरांची मापं द्यायचीत. मुलगी एकच असते."

अकोट्यातल्या त्यांच्या कारखान्यात शाळांचे गणवेश शिवले जात. गेल्या वर्षी विश्वामित्री नदीचं पाणी आत आलं, संगणक बुडाला आणि एका मोठ्या शाळेची सगळी मापं गेली. मुलं पुन्हा उन्हात रांगेला लागली. मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या होत्या, "मथुराबेन, परत असं झालं तर ऑर्डर दुसऱ्याला." चाळीस वर्षांत असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. म्हणून आता अशी कंपनी हवी होती, जी मापांची नक्कल दुसरीकडे ठेवील आणि इथलं बुडालं तर तिथून उभं करून देईल.

पहिला आला तो कोट घालून. मथुराबाईंनी विचारलं, "आमची मापं ठेवणार कुठं?"

"मॅडम, सुरक्षेसाठी जागा सांगत नाही आम्ही."

"ज्याला घर सांगता येत नाही, त्याच्याकडे आम्ही देत नाही. चहा घ्या."

दुसऱ्याने सिंगापूर सांगितलं. "तिथं आपलं कोण आहे?" एवढंच विचारून त्यांनी त्यालाही चहा पाजला.

तिसरा हार्दिक. गुजरातीत आईला हाक मारतात तसं म्हणाला, "बा, आपली जागा वासण्याला. दुसरी सुरतेला."

"बघायला येऊ?"

"आवो ने, बा." तो आनंदाने म्हणाला. माणसाने पाहुण्यांना बोलवावं, पण आधी पाहुणे कोण ते बघावं.

आठवडाभर चाचणी म्हणून मापं हार्दिककडे ठेवली. कारखान्यातले कारागीर आता त्याच्याच यंत्रावरची मापं पडद्यावर बघून कापड कापू लागले. गुरुवारी मथुराबाई वासण्याला निघाल्या. ठेवणीतलं लुगडं, हातात मोठी पिशवी, मागे प्रतापसिंह आणि सून राजनंदिनी.

दारात हार्दिकने फोन बाहेर ठेवायला लावले. पिशवी तपासायला हात पुढे केला, पण मथुराबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि त्याने हात मागे घेतला. मग त्याने चपला काढायला सांगितल्या. तिथेच त्यांना स्थळ पसंत पडलं.

आतली खोली गार, स्वच्छ, उंच काळी कपाटं, त्यांत हिरवे दिवे लुकलुकत होते. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. हार्दिक पाहुण्यांसाठी पाणी आणायला गेला. मथुराबाईंनी पिशवीतून ताट काढलं. कुंकू, अक्षता, कापूर आणि धूप.

राजनंदिनी हळूच म्हणाली, "आईसाहेब, इथं धूर चालेल ना?"

"चपला काढायला लावणाऱ्या जागी धूर चालत नाही, असं कधी झालंय?"

बोलण्यात खोट नव्हती. कापूर पेटला. धूप चांगला घट्ट होता, मांडवीच्या बाजारातून आणलेला. ताटाने दुसरा फेरा घेतला आणि छतात भोंगा केकाटला. त्यातूनच एका बाईचा आवाज इंग्रजीतून सगळ्यांना बाहेर जायला सांगू लागला. हार्दिक पाण्याचे ग्लास टाकून धावला आणि तिघांना ओढून बाहेर काढलं. मागे दार बंद झालं, आत आग विझवणारा वायू फुसफुसला, आणि काचेतून बघता बघता सगळे हिरवे दिवे गेले.

बाहेर प्रतापसिंहाचा फोन वाजत होता. कारखान्यातून मुलगी यशश्री बोलत होती. "पप्पा, पडदा कोरा झालाय. सगळे कात्री धरून बसलेत."

मथुराबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. बोटांवर दिवस मोजू लागल्या. शाळा उघडायला अठरा दिवस होते.

तिथली नक्कल चालू करायला हार्दिकने सुरतेला फोन लावला. त्याची दुसरी गिऱ्हाइकंही एकामागून एक फोनवर ओरडू लागली. तो घामाघूम. "बा, शांती राखो. वीस मिनिट."

त्या हातातल्या घड्याळाकडे बघत राहिल्या. सतराव्या मिनिटाला यशश्रीचा फोन आला. "आली मापं. सगळी दिसतायत."

"मला दे," मथुराबाई म्हणाल्या. "पाचवी ब मधला तो गुबगुबीत ध्रुव. कंबर किती?"

"बत्तीस, आजी."

"बरोबर. मी स्वतः टेप लावली होती." त्या उठल्या, निऱ्या सारख्या केल्या. "प्रताप, हाच मुलगा घे. त्या दोघांनी कागद दाखवले. याचं काम मी डोळ्यांनी पाहिलं."

हार्दिक बघतच राहिला. "बा, ही परीक्षा होती?"

"मग काय, तुझ्या कपाटांना ओवाळायला आले होते?"

राजनंदिनीने तोंडावर पदर घेतला.

सोमवारी करार आला, गुजरातीत. मथुराबाईंनी मुलाला सगळा मोठ्याने वाचायला लावला. मापांना धोका कशाकशापासून, त्याची यादी आली. "पूर, आग, भूकंप, वीज जाणे..." प्रतापसिंह थांबला.

"पुढं वाच."

"काही नाही, आईसाहेब. चुकून घातलंय. काढायला सांगतो."

त्यांनी कागद ओढून घेतला. चार यत्तांच्या शिदोरीवर, एकेका अक्षराखाली बोट ठेवत त्या तिथवर आल्या. लिहिलं होतं, 'श्रीमती मथुराबाई यांची भेट'. त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

"याला सांग, सही मी अशी करणार नाही."

"मी म्हटलंच, काढायला..."

"काढायचं नाही. भूकंपाच्या वर घालायला सांग."