मॅच संपेपर्यंत मौन

निपाणीच्या जैन बस्तीत देवापुढं उभं करून प्रेमलानं नवऱ्याला नेम घ्यायला लावला, तेव्हा बाहेर रस्त्यावर फुटबॉलवाल्यांची मोटार भोंगा वाजवत होती. नेम साधा होता. मोटारीत पाय ठेवल्यापासून बेळगावची मॅच संपेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कलगोंडानं हात जोडले, "तसंच व्हईल," म्हणाला, आणि धोतराचा सोगा सावरत मोटारीत जाऊन बसला.

बायकोनं नवऱ्याच्या तोंडाला असं कुलूप घालावं, याला कारण होतं. कलगोंडा तंबाखूचा व्यापारी. स्वभावानं इतका गरीब, की पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघून चालायचा. पण मैदानाच्या कडेला उभा राहिला की त्याच्या अंगात काय शिरायचं कोण जाणे. त्याचा आवाज स्टँडापर्यंत जायचा. गेल्या वर्षी बेळगावचा संघ निपाणीला खेळायला आला, तेव्हा त्याचे नवे व्याही अण्णासाहेबही सोबत आले होते. बेळगावच्या गोलात त्यांचाच पुतण्या पारिसा उभा होता. एक साधासुधा चेंडू पारिसाच्या दोन पायांमधून निघून गेला, आणि कलगोंडानं अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा सल्ला दिला, "दार उघडंच हाय रं, म्हसरंबी आत घाला."

सगळं मैदान हसलं. अण्णासाहेब हसले नाहीत. घरी व्याह्यांसाठी पोळ्यांचा स्वयंपाक झाला होता. पाटावर बसलेले अण्णासाहेब ताटाला नमस्कार करून उठले ते थेट बेळगावला गेले.

तेव्हापासून कलगोंडाची लेक राजमती माहेरी आली नव्हती. पंचमी गेली, दिवाळी गेली. आता तिला दिवस गेले होते, सातवा संपत आला होता, आणि पहिलं बाळंतपण तरी माहेरी व्हावं म्हणून प्रेमला रोज डोळ्यांना पदर लावत होती. मध्यस्थाकरवी निरोप धाडला, तर अण्णासाहेबांचं उत्तर आलं की मॅचला या म्हणावं, आधी माणूस कसा वागतो ते बघू, मग पोरीचं बघू. एकदा हे कानावर आल्यावर प्रेमलानं आणखी विचार केला नाही. नवरा बोलला नाही तर चुकणार नाही, असा तिचा सरळ हिशेब होता.

मोटार तवंदीचा घाट चढेपर्यंत कुणाला काही जाणवलं नाही. निपाणीच्या पाठीराख्यांचा म्होरक्या नागोजी हलगी घेऊन पुढं बसला होता. घाट सरला की पहिली आरोळी कलगोंडानं ठोकायची, हा दरवर्षीचा रिवाज. नागोजीनं हलगीवर थाप मारली आणि मागं वळून बघितलं. कलगोंडा ओठ मिटून खिडकीबाहेर बघत होता. नेम घेतलाय हे सांगायलाही तोंड उघडावं लागतं, आणि ते तर बंद. शेवटी त्याची दाढ दुखत असणार असं सर्वांनी ठरवलं. संकेश्वरला मोटार थांबली तेव्हा नागोजीनं आपुलकीनं लवंगेचं तेल आणलं, कापसाचा बोळा त्यात भिजवून कलगोंडाच्या धडधाकट दाढेत दाबून बसवला, आणि बेळगाव येईपर्यंत बिचाऱ्याचा अर्धा गाल बधिर झाला.

मैदानावर माणूस लोटलं होतं. अण्णासाहेबांनी गोलाच्या खांबाजवळच खुर्च्या मांडून घेतल्या होत्या, कारण दुसऱ्या डावात पारिसा त्याच गोलात उभा राहणार होता. त्यांनी व्याह्यांना बघून रीतीप्रमाणं विचारलं, "आलासा? घरची मंडळी बरी हैत?" कलगोंडानं हात जोडले आणि मान हलवली. अण्णासाहेबांनी शेजारची खुर्ची दाखवली. कलगोंडा बसला. पाऊसपाण्याचं विचारून झालं, तंबाखूच्या भावाचं विचारून झालं. प्रत्येक प्रश्नाला एक मान हलायची. वर्ष झालं तरी हा माणूस राग धरून बसलाय, आपल्याशी बोलणंही त्याला नकोय, असं अण्णासाहेबांच्या मनानं घेतलं आणि त्यांनीही तोंड फिरवलं. कलगोंडाला ते समोर दिसत होतं. लेकीची वाट आपल्या मुकेपणानंच बंद होतेय हे कळत होतं, पण देवापुढचा नेम मोडायची छाती नव्हती.

पहिल्या डावात निपाणीनं गोल केला. पलीकडून हलगी कडाडली, टोप्या उडाल्या. कलगोंडाच्या पोटातून आरोळी उठली ती गळ्यापर्यंत आली. त्यानं घाईनं उपरण्याचं टोक तोंडात कोंबलं. श्वास कोंडला, तोंड लालबुंद झालं आणि दोन्ही डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. अण्णासाहेबांनी ते बघितलं आणि ते बुचकळ्यात पडले. निपाणीचा गोल झाल्यावर निपाणीचा माणूस रडतो, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं होतं. पलीकडून नागोजीनंही बघितलं. त्याला मात्र काही कोडं पडलं नाही. "दाढबीढ काय न्हाय," तो आपल्या लोकांना म्हणाला, "आप्पा फुटल्यात. पोरीपायी गाव इकलं त्यांनी."

दुसऱ्या डावात बेळगावनं बरोबरी साधली. मग पारिसानं एक अवघड चेंडू झेप घेऊन अडवला. व्याह्यांचं मन राखायला हाच मोका आहे असं वाटून कलगोंडानं टाळ्या वाजवल्या. त्या मनापासून होत्या, कारण झेप खरोखरच चांगली होती. पण निपाणीच्या बाजूला आता त्याच्या नावानं बोटं मोडली जात होती.

खेळ संपत आला असताना निपाणीच्या गड्यानं लांबून चेंडू मारला. तो जमिनीलगत धुरळा उडवत खांबाकडं आला. पारिसा आडवा पडला. चेंडू मागच्या गर्दीत घुसला. गोलाला जाळी नव्हतीच; बांबूचे दोन खांब आणि वर एक दोरी. निपाणी म्हणाली आतून गेला, बेळगाव म्हणालं बाहेरून. लष्कराच्या कँपातला गोरा सार्जंट पंच होता, तो नेमका धुरळ्याच्या पल्याड होता. बघता बघता दोन्हीकडचे लोक मैदानात उतरले. छत्र्या उलट्या धरल्या गेल्या.

तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष कलगोंडाकडं गेलं. तो खांबाच्या अगदी रेषेत बसला होता. निपाणीकरांना वाटलं, कसाही झाला तरी आपल्या गावचा आहे. बेळगावकरांना वाटलं, हा आपल्यासाठी रडलाय, टाळ्याही वाजवल्यात. म्हणून दोन्ही बाजूंना तो साक्षीदार पसंत पडला. अण्णासाहेब जड मनानं उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचं व्याही माझ्याशी बोलंनात, ती गोष्ट येगळी. पण खोटं बोलायचे न्हाईत."

कलगोंडाला सार्जंटापुढं उभं केलं. गोल म्हटलं तर लेक घरी येत नाही, नाही म्हटलं तर आपल्यालाच गावात जाता येत नाही. आणि त्याआधीची अडचण म्हणजे मॅच अजून संपलीच नव्हती. त्यानं आधी आपल्या तोंडाकडं बोट केलं, मग सार्जंटाच्या शिट्टीकडं. सार्जंटानं त्याला पाणी आणवून दिलं. ते त्यानं पिऊन टाकलं आणि पुन्हा तेच केलं. दुसरं भांडं आलं.

अण्णासाहेब हे बघत होते. अचानक त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "पावणं," ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "नेम धरलाय काय? मॅच सरंपतूर?"

कलगोंडानं इतक्या जोरानं मान हलवली की टोपी खाली पडली. अण्णासाहेबांनी ती उचलली, झटकून त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि सार्जंटाला मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं समजावलं. सार्जंटानं घड्याळ बघून लांब शिट्टी मारली. मॅच संपली. सगळं मैदान कान देऊन उभं राहिलं. सकाळपासून मुका असलेला कलगोंडा बोलला, "मी डोळं मिटलं हुतं. उघडं ठेवलं असतं तर वरडलो असतो."

ते खरं होतं, आणि म्हणूनच कुणाला पटलं नाही. निपाणीवाले म्हणाले, व्याह्याला भ्याला. बेळगाववाले म्हणाले, गावाला भ्याला. घटकेपूर्वी एकमेकांवर छत्र्या उगारणारे लोक एका जागी उभे राहून, अगदी एका सुरात कलगोंडाला नावं ठेवू लागले. सार्जंटानं बरोबरी जाहीर केली ती कुणी ऐकलीही नाही. नागोजीनं एका बेळगावकराला तंबाखू दिली, त्यानं नागोजीला चुना दिला. मग निपाणीची मोटार सगळ्यांना घेऊन गेली, एका कलगोंडाला सोडून.

"चला घराकडं," अण्णासाहेब म्हणाले. "दीस मावळायच्या आत जेवाय पायजे."

दोघं टांग्यात बसले. मग अण्णासाहेब रस्त्याकडं बघत म्हणाले, "मीबी मिटलं हुतं डोळं. पारिसा गोलात असला की माझं डोळं उघडं ऱ्हातच न्हाईत. निपाणीतबी तसंच झालं. बॉल कसा गेला ते मला तुमच्या तोंडनंच कळलं, म्हनून जास्त लागलं." कलगोंडानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बोलायची मोकळीक असूनही या वेळी तो काही बोलला नाही.

जेवायला दोघं शेजारी बसले. राजमतीला उद्याच घेऊन जा, असं अण्णासाहेबांनी पहिल्या घासालाच सांगून टाकलं. आत विहीणबाईंनी लुगड्यांची घडी करायला घेतली. भात येईपर्यंत सगळं गोडीत चाललं होतं. मग कलगोंडा सहज म्हणाला, की पारिसा पडल्याचा आवाज जरा उशिराच आला, तेव्हा चेंडू आतूनच गेला असणार. अण्णासाहेबांनी घास खाली ठेवला. बाहेरून गेल्याशिवाय मागचे लोक एवढे कशाला पांगतील, असं त्यांनी विचारलं. कलगोंडाचा आवाज चढला. अण्णासाहेबांचा हात ताटाच्या कडेवर गेला. मागच्या वर्षी तो असाच गेला होता.

राजमती ताकाची कासंडी घेऊन दारात उभी होती. डोक्यावरचा पदर सावरत ती हलकेच म्हणाली, "आप्पा, मी बघितलंय की. सासूबाई नि मी बस्तीतनं येत हुतो. गाडीवानानं गाडी गोलाच्या मागंच उभी केलती. बॉल आमच्या चाकालाच येऊन लागला."

अण्णासाहेबांनी ताटाच्या कडेवरचा हात काढून घेतला.

"सांगू?" तिनं विचारलं.

अण्णासाहेबांनी कलगोंडाकडं बघितलं, कलगोंडानं अण्णासाहेबांकडं.

"नको," दोघंही एकदमच म्हणाले, आणि ताकासाठी वाट्या पुढं केल्या.