पाजण्याचा परवाना

लग्नपत्रिका हातात पडली की आमचे दिगूकाका नवरा-नवरीची नावं नंतर वाचतात. आधी विचारतात, "दारू आहे? मग परवाना काढलात?" स्वतः मात्र आयुष्यात थेंब घेतलेला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचा बारीक मजकूर वाचून मगच घेणार.

सांडोरला आमच्या इमारतीला लागून त्यांची केळीची वाडी. काकू गेल्यापासून एकटेच असतात.

गेल्या वर्षी माझा मित्र फ्रान्सिस आईवडिलांच्या लग्नाची पन्नाशी साजरी करणार होता. कळंबला भाड्याचा बंगला, दीडशे पाहुणे, बँड. आदल्या दिवशी सकाळी तो काकांना आग्रहाचं आमंत्रण द्यायला आला. काकांचा प्रश्न ठाऊक होता, म्हणून परवान्यांचा गठ्ठाच घेऊन.

काकांनी चष्मा लावून एकेक कागद उलटला.

"फ्रान्सिस, हे पिण्याचे परवाने. पाजण्याचा कुठाय?"

"म्हणजे?"

"पाहुण्यांनी प्यायची सोय झाली. तू त्यांना द्यायची कुठे झाली? कार्यक्रमाचा एक दिवसाचा परवाना वेगळा असतो, बाबा."

फ्रान्सिसने गठ्ठा पुन्हा चाळला. काका मात्र पँट चढवून तयार. "स्कूटर काढ," मला म्हणाले. फ्रान्सिस त्याच्या बाइकवरून मागोमाग.

उत्पादन शुल्क खात्याच्या कचेरीत काकांनी अर्ज भरला. कारकुनाने बंगलेमालकाचं संमतीपत्र मागितलं. आम्ही तसेच कळंबला. मालक जेवून आडवे झालेले. काकांनी त्यांना उठवून सही घेतली. परत आलो तर साहेब मीटिंगमध्ये. काका दारासमोरच्या बाकावर बसले. "कागद पुरा आहे. आता मी हलत नाही."

पाच वाजता साहेबांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. "कोणी भरलाय हा?"

फ्रान्सिसने काकांकडे बघितलं.

"मी," काका म्हणाले.

"इतका स्वच्छ अर्ज फार दिवसांनी बघतोय," म्हणत साहेबांनी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम रंगात आला आणि फाटकाशी खात्याचे दोन अधिकारी उभे. बँड गप्प. काका छाती काढून पुढे झाले, परवाना समोर धरला. दोघांनी तो वाचला, मान डोलावली. "सगळं व्यवस्थित आहे. चालू द्या."

बँडने असा काही सूर लावला! फ्रान्सिसच्या वडिलांनी काकांना मांडवाच्या मधोमध ओढलं. लिंबू सरबताचा ग्लास सांभाळत काका चक्क नाचले.

थोड्या वेळाने ते मला कुंपणाशी दिसले. मोबाइलवर परवान्याचा फोटो काढत होते, पण नीट येत नव्हता.

"जरा तू काढ रे. लीनाला पाठवायचाय."

लीना त्यांची एकुलती एक मुलगी.

"तिच्या हळदीला पाहुण्यांसाठी दारू ठेवली, पण मी हा कागद काढला नव्हता," काका म्हणाले. "पोलीस आले. तिचे सासरे पाहुण्यांना ग्लास भरून देत होते, त्यांनाच सगळ्यांदेखत गाडीत बसवून नेलं. सात वर्षं झाली, माहेरी पाऊल नाही टाकलं पोरीने. आता कुणालाही परवाना काढून दिला की तिला फोटो पाठवतो."

फोटो गेला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. खालच्या दोन खुणा निळ्या झाल्या.

"उत्तर देत नाही ती," काका हळूच म्हणाले. "पण बघते. लगेच बघते."