पेढे म्हणजे सोडा, बर्फी म्हणजे थांबा

एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन माणसांमध्ये निरोप पोचवण्याचं काम माझ्याइतकं चोख कुणाला जमत नाही! सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई यांच्यामध्ये मी अकरा वर्षं काढली आहेत. तेव्हा दुबईच्या देरा भागातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या दोन खोल्या म्हणजे माझ्या हातचा मळ. असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगत असे.

कंपनी वसंतरावांची. गोदामात माल किती आला, किती गेला, किती पडून आहे, हे दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही दुकानदारांना विकायचो. एका खोलीत ते बनवणारा सुजीत आणि त्याचा एक जोडीदार. दुसऱ्या खोलीत त्याची जाहिरात करणारी बदरुन्निसा, मूळची हैदराबादची. मधे जिप्समची भिंत, आणि मी. सुजीत ‘जवळजवळ झालंय’ म्हणाला, की बदरुन्निसा चारशे दुकानदारांना ‘नवीन आवृत्ती आली’ असा मेसेज धाडून मोकळी व्हायची. आवृत्ती यायची पंधरा दिवसांनी. मधल्या शिव्या सुजीतने खायच्या. असं दोनदा झाल्यावर दोघांचं बोलणं बंद पडलं. तो म्हणे, ती माझी मेल वाचत नाही. ती म्हणे, वाचून तरी काय कळतं. दोघांचंही खरं होतं.

मग मी पद्धत काढली. आवृत्ती खरोखर तयार झाली की दोन्ही खोल्यांत पेढे फिरवायचे. ऐनवेळी काही अडलं तर बर्फी. पेढे म्हणजे जाहिरात सोडा, बर्फी म्हणजे थांबा. माझी लेक उर्वी म्हणाली, “आई, व्हाय कान्ट यू जस्ट सेंड अ मेल?” मी म्हटलं, तोंडात गोड असलं की माणूस भांडत नाही, हे तुमच्या शाळेत शिकवत नाहीत. करामातल्या मिठाईवाल्याकडे पेढे पंचवीस दिरहॅम किलो, म्हणजे सव्वातीनशे रुपये. दर वेळी मी हे मोठ्याने म्हणायचे, उसासा टाकायचे आणि घ्यायचे. पद्धत इतकी सुरळीत चालली, की वसंतरावांनी मला ‘समन्वयक’ अशी पाटी करून दिली.

आणि मग मंदी आली. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या, लग्नात रुसून बसलेल्या मामांसारख्या. शेजारच्या ऑफिसातला चहावाला एके दिवशी आमच्याकडे चहा घेऊन आला. म्हणाला, तिकडे प्यायला कुणी नाही. वसंतराव मऊ माणूस. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावरच्या पेपरवेटशी बोलल्यासारखं सांगितलं, की चौथी आवृत्ती या महिन्यात बाजारात गेली नाही तर बनवणारी खोली बंद करावी लागेल. खोली बंद म्हणजे नोकरी बंद, नोकरी बंद म्हणजे व्हिसा रद्द, आणि मग महिन्याभरात देश सोडायचा.

“सुजीतला तुम्हीच सांगा, मृणालिनीबाई. त्याची बायको बाळंतपणाला गेलीय. मला नाही जमणार.”

मी सांगितलं. सुजीतने मान डोलावली आणि पुन्हा पडद्याकडे वळला. त्या दिवशी त्याने डबा उघडलाच नाही.

त्या महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी सकाळी तो माझ्या टेबलाशी आला. डोळे लाल, चेहरा मात्र दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखा. साताऱ्याला मुलगी झाली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप. त्याने विचारलं, “ताई, बर्फी कुठे चांगली मिळते?”

मी उसळलेच! मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, ही आपल्याकडची रीत मला लहानपणापासून डाचते. माझ्या जन्माला तर बर्फीसुद्धा नव्हती, साखर वाटली होती. मी त्याला उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. मुलगी काय दुय्यम माल आहे? पेढे आण, चांगले केशरी आण, आणि सगळ्यांना वाट. तो बिचारा तसाच करामाला गेला. मला फार बरं वाटलं. समाजसुधारणा करून झाल्यावर मी खाली बँकेत गेले.

सुजीतने आनंदाच्या भरात अबोला मोडून पलीकडच्या खोलीत पाऊल टाकलं आणि बदरुन्निसापुढे डबा धरला. तिला आपली मुलामुलींची मिठाई काय ठाऊक? तिला माझी ठाऊक. तिने विचारलं, सब ठीक? तो म्हणाला, एकदम ठीक, तीन किलो. एवढ्याशा ऑफिसला तीन किलो पेढे, म्हणजे काम फारच चांगलं झालं असणार, असं तिला वाटलं. पेढा तोंडात असतानाच तिने चारशे दुकानदारांना मेसेज सोडला. मेसेजमधल्या लिंकवर सुजीतने तपासणीसाठी ठेवलेली अर्धवट चौथी आवृत्ती होती. तिच्यात गोदाम उघडलं की सगळा माल शून्य दिसायचा.

मी बँकेतून परतले तेव्हा वसंतराव सुजीतचा हात हातात घेऊन उभे होते. मेसेज त्यांच्याही फोनवर आला होता. त्यांचे डोळे भरले होते. “वाचवलंस रे. सगळ्यांना वाचवलंस.”

सुजीतला वाटलं, मुलीबद्दल आहे. तो म्हणाला, “सर, सगळं डॉक्टरांनी केलं.”

वसंतराव थबकले. “कुठले डॉक्टर?”

मग हळूहळू सगळ्यांना सगळं कळत गेलं. वसंतरावांनी उरलेला अर्धा पेढा टेबलावर ठेवला. “पण मुलीची बर्फी असते ना?” ते अगदी लहान आवाजात म्हणाले. सुजीतने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

शुक्रवार-शनिवार सुट्टी. मी घरी माफीचा मजकूर लिहून काढला. रविवारी सकाळी वसंतरावांनी सगळ्यांना एकेका फोनपाशी बसवलं. चारशे दुकानदार चिडून फोन करणार होते. सुजीत गुन्हेगारासारखा सरळ बसला होता.

दहा वाजले. अकरा वाजले. फोन वाजेना.

बारा वाजता वसंतराव म्हणाले, आपणच करा. बदरुन्निसाने यादी घेतली. पहिला नंबर बंद. दुसरा बंद. तिसरा शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातला, तो वॉचमनने उचलला. मालक गाडी विमानतळावर सोडून केव्हाच गेले म्हणाला. तिने स्पीकर लावला होता, त्यामुळे सगळं आम्हाला ऐकू येत होतं. थोड्या वेळाने वसंतरावांनी हाताने तो बंद करायला सांगितलं. आम्ही मिठाई फिरवून फिरवून ज्यांना निरोप पाठवत होतो, त्यांच्यातले बरेचसे तिथे नव्हतेच.

तेवढ्यात एक फोन वाजला. आम्ही सगळे दचकलो. गुणवंतभाई, लाकडी गलबतांच्या धो बंदरावरचे टाइल्सवाले, आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. मी माफीचा कागद पुढे ओढला.

“बहनजी,” ते म्हणाले, “तुम्हारा नया वाला खोला. पूरा माल ज़ीरो. मैं पाँच मिनट खुशी से बैठा रहा, कि सब बिक गया. फिर पीछे मुड़ के देखा, गोदाम छत तक भरा पड़ा है.”

मी माफी वाचू लागले. त्यांनी मधेच थांबवलं. “आराम से ठीक करके भेजो. मैं कहाँ जाता हूँ?”

फोन ठेवल्यावर वसंतरावांनी जिप्समच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, दोन खोल्यांचं भाडं आता निघत नाही. एक ठेवायची. कुठली, ते त्यांच्याने बोलवेना. सुजीत खाली बघत होता, आणि बदरुन्निसाही.

मी म्हटलं, “खोली एकच ठेवा, माणसं ठेवा. भिंत काढा. समोरासमोर बसले तर यांच्यामध्ये समन्वयक कशाला हवी? माझा व्हिसा नवऱ्याचा आहे. त्यांच्या जिवावर माझं तसंही बरंच काही चालतं.”

वसंतराव हसले नाहीत. पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही. सुजीत म्हणाला, “ताई, पण मग आम्हाला कळणार कसं?” बदरुन्निसा त्याच्याकडे वळून म्हणाली, “पूछ लूँगी, भाई. मुँह है मेरा.”

चौथी आवृत्ती पुढच्या महिन्यात तयार झाली. ती उरलेल्या तीसेक दुकानदारांना बदरुन्निसाने एकेक फोन करून सांगितली. मी तोवर घरी होते आणि समन्वयाची हौस उर्वी आणि तिच्या बाबांवर भागवत होते.

चार वर्षांनी सुजीतचा फोन आला. “ताई, मुलगा झाला.”

मला फार आनंद झाला. विचारलं, काय वाटलंस?

“मुलीचे पेढे वाटले होते, मग मुलाची बर्फी वाटली. फिट्टंफाट.”

“शाब्बास!”

मग तो म्हणाला, “ताई, सहावी आवृत्ती परवाच तयार झालीय. मी सांगतोय, पण बदरुन्निसाबाजी ऐकत नाही. बर्फी खाल्ली आणि सगळं थांबवून बसलीय. म्हणते, दीदी पेढे घेऊन येईपर्यंत सोडणार नाही.”

मी तशीच उठले, टॅक्सी केली, करामाला उतरले आणि पेढ्यांचे दोन डबे घेतले, दोन्ही खोल्यांत फिरवायला. ऑफिसच्या दारात पोचले तेव्हा आठवलं, की खोली आता एकच आहे.